जॉन ग्रिफिथ्स आणि अजिंठ्याचे नकलाकार

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या आवारांत नवखा मनुष्य गेला म्हणजे त्यास झाडींतला एक बंगला दाखवितात आणि रुडयार्ड किपलिंग येथें जन्मला असें सांगतात. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं या आवारांत झाला हें खरें. मात्र आज उभा असलेला बंगला त्यानंतर बांधलेला आहे. मुलाच्या कीर्तीच्या आधारानें बाप लॉकवुड किपलिंग यांचेंही नांव थोडेंफार टिकून राहिलें. परंतु त्याच वर्षीं त्याच शाळेंत शिक्षक म्हणून आलेले त्यांचे स्नेही जॉन ग्रिफिथ्स यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. लॉकवुड दहा वर्षें राहून १८७५ सालीं लाहोरास गेले. ग्रिफिथ्स तीस वर्षें मुंबईंत राहिले, शाळेचे मुख्य झाले, आणि १८९५ सालीं निवृत्त होऊन स्वदेशीं परतले. पण त्यांच्या घरीं जगप्रसिद्ध कथाकार निपजला नाहीं, आणि लोकांची स्मरणशक्ति अशा आधारावांचून फारशी चालत नाहीं.

ग्रिफिथ्स यांच्याविषयीं आमच्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाच्या मतें ते अजिंठ्याचे उद्धारक. दुसऱ्या पक्षाच्या मतें ते त्याच अजिंठ्याचे रंग बिघडविणारे आणि आमच्या मुलांस प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांपुढें बसविणारे परके अधिकारी. दोन्ही मतांस पुरावा आहे. म्हणून स्तुति किंवा निंदा यांपैकीं एकाची निवड करण्यापेक्षां या माणसानें नेमकें काय शिकविलें, आणि शिकणाऱ्यांच्या हातीं त्यांतलें काय उरलें, हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल.

शाळेच्या जन्माची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८५१ सालीं लंडनला जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत हिंदुस्थानांतून गेलेलें कापड, गालिचे, भांडीं आणि जडावकाम पाहून तिकडचे जाणते लोक चकित झाले. यंत्रांतून निघणारा आपला माल वेलबुट्टीनें विद्रूप झाला आहे आणि सजावटीचा खरा विवेक हिंदी कारागिराजवळ आहे, असें त्यांच्यांतल्या कित्येकांनीं उघड लिहिलें. ओवेन जोन्स यांनीं १८५६ सालीं नक्षीकामावर जो प्रसिद्ध ग्रंथ काढिला, त्यांतही हिंदी नमुन्यांस मानाचें स्थान आहे. इकडे जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं मुंबईंत कलेची व उद्योगाची शाळा काढण्याकरितां एक लाख रुपये देऊं केले, आणि १८५७ सालीं शाळा सुरू झाली. म्हणजे ज्यांचे गुण विलायतेंतल्या पंडितांनीं वाखाणले त्याच कारागिरांच्या देशांत, कारागिरी शिकविण्याकरितां, विलायतेंतून मास्तर आणविले गेले! या विसंगतीचा उलगडा त्या काळच्या सरकारी कागदांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. कारण ती विसंगति आहे असें त्या काळीं थोड्यांसच वाटत होतें.

आरंभीचीं वर्षें चित्रकलेच्या साध्या वर्गांत गेलीं. १८६५ सालीं तिघे जण आले: सजावटीच्या चित्रकलेस ग्रिफिथ्स, मूर्तिकाम व घडणीस लॉकवुड किपलिंग, आणि लोखंडी नक्षीकामास हिगिन्स. ग्रिफिथ्स हे जन्मानें वेल्समधले, माँटगोमेरी परगण्यांतले, जन्मसाल १८३७. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील सरकारी कलाशाळेंत ते तयार झाले, आणि तेथल्या संग्रहालयाच्या इमारतीचें सजावटीचें काम चाललें असतां त्यांची व लॉकवुड यांची गांठ पडली. ही गोष्ट बारीक दिसली तरी महत्त्वाची आहे. आमच्याकडे आलेले हे दोघे भिंतींवर आणि दगडावर काम केलेले, वास्तुकाराच्या हाताखालीं राबलेले कारागीर-शिक्षक होते. चौकटींतलीं चित्रें विकून पोट भरणारे चित्रकार म्हणून ते आले नव्हते. १८६९ सालीं पुरी झालेली क्रॉफर्ड मंडई, जिला आतां महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे, तिच्या दारांवरचीं लॉकवुड यांचीं दगडी शिल्पें पाहिलीं म्हणजे त्यांच्या मनांतली शाळा कशी होती तें कळतें. शेतांत राबणारीं माणसें तेथें दारावर बसविलेलीं आहेत, आणि खालून भाजीच्या पाट्या जातात.

परंतु शिकविण्याची पद्धति मात्र साउथ केन्सिंग्टनहून बांधून आलेली होती. प्रथम सरळ रेषा, मग भूमितीच्या आकृति, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लास्टरच्या नक्षीवरून छायाप्रकाश, आणि शेवटीं प्लास्टरच्या प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून मनुष्याकृति. एक पायरी पुरी झाल्यावांचून दुसरीवर पाय ठेवावयाचा नाहीं. ज्या वाचकांनीं शाळेंत असतांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ड्रॉइंग परीक्षा दिल्या असतील, त्यांस या पद्धतीची ओळख निराळी करून द्यावयास नको. त्या परीक्षा आजही चालू आहेत, आणि टेबलावर ठेवलेली बाटली, तिच्या शेजारचें वांगें व मागचा घडी घातलेला कपडा हे या केन्सिंग्टनी घराण्याचेच दूरचे वंशज होत. आमच्या पिढीचा एक तास दर आठवड्यास या वांग्यापायीं खर्च झाला. त्यानें हातास शिस्त लागली हें मान्य करावें लागेल. डोळ्यास कांहीं मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.

या पद्धतीवर पुढें जी टीका झाली ती सर्वांच्या परिचयाची आहे. १८९६ सालीं कलकत्त्याच्या कलाशाळेवर आलेले हॅवेल आणि त्यांच्याबरोबर अवनींद्रनाथ ठाकूर यांनीं स्वदेशी परंपरेकडे तोंड वळविलें, आणि तेव्हांपासून बंगाल म्हणजे आत्मशोध व मुंबई म्हणजे अनुकरण, असें एक समीकरण रूढ झालें. आम्हां महाराष्ट्रीयांसही तें पुष्कळदां खरें वाटतें. परंतु या समीकरणाच्या आड एक गोष्ट उभी आहे, आणि ती म्हणजे अजिंठा.

अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलीं. १८४० नंतरच्या दशकांत मेजर रॉबर्ट गिल यांनीं तेथें राहून कित्येक वर्षें नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगलेल्या असतां १८६६ सालच्या आगींत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग पुन्हां नकला करविण्याचें ठरलें आणि तें काम १८७२ सालीं ग्रिफिथ्स यांजकडे आलें. त्यांनीं काय केलें? विलायतेंतून नकलाकार मागविले नाहींत. आपल्या मुंबईच्या शाळेंतले विद्यार्थी घेतले आणि अजिंठ्याची वाट धरली. पुढें थंडीच्या दिवसांत हें काम तेरा वर्षांच्या अवधींत चालू राहिलें आणि सुमारें तीनशें नकला तयार झाल्या. त्यांतल्या कांहीं तर घराच्या भिंतीएवढ्या आहेत.

त्या मुलांची स्थिति डोळ्यांपुढें आणून पाहावी. लेण्याच्या तोंडाशीं उजेड असतो, आंत पांच पावलें गेलें कीं अंधार. भिंतीवर धुराची व धुळीची पुटें, छतावर वटवाघळें. मातीच्या गिलाव्यावर चढविलेले खनिज रंग, कोठें लखलखीत, कोठें पापुद्रे निघून खालची माती उघडी पडलेली. प्लास्टरच्या अपोलोवरून छायाप्रकाश शिकलेल्या हातांस एकाएकीं अशी रेषा चितारावयाची होती कीं जी छायेच्या आधारावांचून खांद्याची गोलाई दाखविते, बोटाच्या एका वळणांत करुणा आणते. हा धडा साउथ केन्सिंग्टनच्या कोणत्याही पायरीवर नव्हता. पेस्तनजी बमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा हीं त्या मंडळींतलीं कांहीं नांवें. पेस्तनजींचा जन्म १८५१ चा. म्हणजे काम सुरू झालें तेव्हां ते अवघे एकवीस वर्षांचे होते, आणि बरोबरीच्यांच्या कामावर देखरेख करण्याचा भार पुढें त्यांजवर पडला.

येथें ग्रिफिथ्स यांच्या बाजूनें एक गोष्ट ठांसून सांगितली पाहिजे. हिंदी विद्यार्थ्यापुढें आदर्श म्हणून ठेवण्यास अजिंठ्याहून चांगलें कांहीं नाहीं, असें त्यांनीं या कामाच्या आरंभींच लिहिलें. सोळाव्या लेण्यांतल्या मरणोन्मुख राजकन्येच्या चित्राविषयीं त्यांचा अभिप्राय प्रसिद्ध आहे: फ्लॉरेन्सचे चित्रकार याहून चांगलें रेखाटतील, व्हेनिसचे याहून चांगलें रंगवितील, पण भाव मात्र याहून अधिक कोणी उतरवूं शकणार नाहीं, अशा आशयाचा तो आहे. आजच्या वाचकास यांत मापनाचा गज इटलीचाच दिसेल, आणि तें खरेंच आहे. रेषा ही ज्या चित्राची सर्वांत मोठी संपत्ति, त्यास रेषेंतच दुसरा क्रमांक देणें हा या गजाचा दोष. परंतु काळाकडे पाहावें. हा अभिप्राय १८७० नंतरच्या दशकांतला. त्यानंतर पुरीं पस्तीस वर्षें उलटल्यावर, १९१० सालीं, लंडनच्या विद्वत्सभेंत सर जॉर्ज बर्डवुड यांनीं बुद्धमूर्तीस उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली आणि हिंदुस्थानांत ललितकला अशी नाहींच असें म्हटलें. आणि हे गृहस्थ हिंदी कारागिरीचे मोठे चाहते म्हणून गाजलेले! त्यांच्या शेजारीं ग्रिफिथ्स यांस उभें केलें म्हणजे इटलीचा गज घेऊन कां होईना, पण त्यांनीं अजिंठ्यास चित्रकलेच्या पंक्तीला बसविलें, केवळ कारागिरीच्या ओसरीवर ठेवलें नाहीं, हें दिसून येतें.

आतां दुसरी बाजू. चित्रें धुरकट झालीं होतीं, रंग स्पष्ट दिसत नव्हते; ते उठावदार दिसावे म्हणून भिंतीवर व्हार्निश चढविण्यांत आलें. त्या क्षणीं रंग ओले झाल्यासारखे खुलले असतील यांत संशय नाहीं. पुढें तेंच व्हार्निश पिवळें, काळसर होत गेलें, आणि रंगाच्या पापुद्र्यांस धरून बसलें. १९२० ते १९२२ या अवधींत निजामसरकारानें लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस आणून डागडुजी करविली. पण त्यांनींही लाखेचें रोगण वापरलें, आणि तेंही कालांतरानें पिवळें पडलें. तेव्हां दोषाचा सगळा गठ्ठा एकट्या ग्रिफिथ्स यांच्या दारांत टाकणें न्यायाचें नाहीं. तथापि आरंभ त्यांच्या मंडळीनें केला हें विसरतां येत नाहीं, आणि 'त्या काळीं कोणास कळत नव्हतें' एवढ्यानें ती गोष्ट पुसली जात नाहीं.

आमच्या मतें या व्हार्निशाचें मूळ अज्ञानापेक्षां नकलेच्या माध्यमांत अधिक आहे. मूळ चित्रें मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या, मंद, चमक नसलेल्या रंगांत. नकला कॅनव्हासवर तैलरंगांत. तैलरंगाचा स्वभाव खोल व चकचकीत. ज्याचा डोळा तैलचित्रांत मुरलेला आहे, त्यास मूळची कोरडी भिंत निस्तेज वाटणार. ती आपल्या सवयीच्या चित्रासारखी दिसेपर्यंत त्यास ती 'दिसलीच' नाहीं असें वाटणार. व्हार्निश घालतांच भिंत तैलचित्रासारखी झाली आणि मग तिची तैलरंगांत नक्कल करणें सोपें झालें. म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम करण्याच्या भरांत मूळच नकलेच्या जातीचें करून घेतलें गेलें! शिक्षणाच्या क्षेत्रांत ज्यांनीं कांहीं वर्षें घालविलीं आहेत त्यांस हा प्रकार अगदींच अपरिचित नसावा. इंग्रजी वाङ्मयाच्या चष्म्यांतून मराठी काव्य खुलवून दाखविणारे आम्ही प्राध्यापक भिंतीवर कोणतें रोगण चढवीत असतों, हें कधींतरी तपासण्यासारखें आहे.

मात्र नकलांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेऊं नये. रंग उडाले आहेत तेथें उडालेले, भोंक आहे तेथें भोंक, अशी बऱ्याच नकलांत काटेकोर राखण आहे. हरपलेला भाग कल्पनेनें भरण्याचा मोह या मुलांनीं आवरला. म्हणूनच त्यांचें मोल वाढत गेलें. त्यांच्यानंतर भिंतीवरचें जें कांहीं गळून गेलें, तें पाहण्यास आतां त्यांचेच कॅनव्हास उरले आहेत. तेही सर्व नव्हेत. नकला साउथ केन्सिंग्टनला पाठविल्या गेल्या, आणि १८८५ सालीं तेथें आग लागून त्यांतला मोठा भाग भस्म झाला. गिल यांच्यानंतर एकोणीस वर्षांनीं पुन्हां तेंच! दोन पिढ्यांचे श्रम लंडनच्या आगींनीं खाल्ले. अजिंठ्याच्या गुहेंत दीड हजार वर्षें जें टिकलें, त्याच्या नकला सुरक्षित म्हणून जेथें नेल्या तेथें त्या वीस वर्षेंही धड टिकल्या नाहींत. उरलेल्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. १९५५ नंतर त्या कायम प्रदर्शनांत मांडलेल्या नाहींत.

निवृत्तीनंतर ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ सालीं अजिंठ्यावरचा आपला दोन खंडांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केला. पुढें घुलाम याझदानी यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९५५ या काळांत निघालेल्या निजामी ग्रंथानें त्यास मागें टाकलें, कारण तोंवर फोटोग्राफीची विद्या पुष्कळ पुढें गेली होती. परंतु १९०० च्या सुमारास ज्या हिंदी तरुणास अजिंठा पाहावयाचा होता आणि प्रवासाची सोय नव्हती, त्यास हाच एक दरवाजा उघडा होता.

येथें आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृति तरुण अजिंठ्यास गेले, आणि तेथून परत आले ते निराळे चित्रकार होऊन. नंदलालांच्या पुढल्या भित्तिचित्रांत अजिंठ्याची रेषा जिवंत आहे. मुंबईचीं मुलें त्यांच्या आधीं सदतीस वर्षें तेथें गेलीं, त्यांच्याहून कितीतरी अधिक काळ राहिलीं, आणि तरी त्यांच्यांतून अजिंठ्याचा म्हणावा असा एकही चित्रकार निघाला नाहीं. पेस्तनजी हे निःसंशय उत्तम चित्रकार. पण त्यांचा लौकिक आहे तो पारशी घरांतल्या शांत प्रसंगांच्या आणि व्यक्तिचित्रांच्या बळावर, आणि त्या चित्रांची जात सर्वथा युरोपीय आहे. तेरा वर्षांचा अजिंठा त्यांच्या कुंचल्यांत कोठें मुरला तें शोधून सांपडत नाहीं.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं तो त्यांचा अजिंठा नव्हता. तें सरकारी काम होतें. नंदलाल आपणहून, स्वदेशीच्या लाटेवर, पूर्वजांचें घर पाहावयास गेले. जयराव राघोबा हुकुमानें गेले, आणि त्यांच्या कामाचें ठिकाण लंडन होतें. ज्या चित्राची नक्कल पुरी होतांच ती आगबोटींत चढवावयाची, तें चित्र आपलें असें कोणी मानावें? दुसरें कारण अधिक खोल आहे आणि तें ग्रिफिथ्स यांच्याच माथीं जातें. अजिंठा हा श्रेष्ठ आदर्श, असें त्यांनीं लिहिलें. पण मुंबईस परतल्यावर वर्गांत पायऱ्या त्याच राहिल्या, मनुष्याकृतीची कसोटी त्याच प्लास्टरच्या पुतळ्यांवर लागत राहिली. अजिंठ्यांतलें जें शाळेंत शिरलें तें नक्षीकाम: कमळें, वेली, हंस, छतांवरच्या चौकटी. शाळेच्या कुंभारकामाच्या भांड्यांवर ती नक्षी उतरली आणि खपली. पद्मपाणि मात्र लेण्यांतच राहिला. गुरूच्या लेखणींत एक आणि फळ्यावर दुसरें असलें, तर विद्यार्थी फळाच धरतो, कारण परीक्षा फळ्याची असते.

परंतु एवढ्यावरून त्या प्लास्टरच्या पुतळ्यांस सरसकट शिव्या देणाऱ्यांनीं गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' पाहावी. ग्रिफिथ्स यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस या शाळेंत शिकणाऱ्या म्हात्र्यांनीं कोवळ्या वयांत ती घडविली. नऊवारी लुगडें नेसून पूजेस निघालेली स्त्री. वस्त्राच्या चुण्या ग्रीक पुतळ्यांवरून शिकलेल्या, यांत वाद नाहीं. पण उभें राहण्याची ढब, खांद्याचा संकोच, निऱ्यांचा भार हीं कोणत्याही ग्रीसमधून आलेलीं नाहींत. तीं गिरगांवांतल्या कोणत्याही देवळाच्या वाटेवर दिसत. त्याच बर्डवुडसाहेबांनीं या मूर्तीची तोंड भरून स्तुति केली होती, हीही एक गंमत. परक्या साधनावर हात बसला म्हणजे त्यांतून आपलें माणूस घडूं शकतें, आणि घडलें. महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० सालीं शाळेंत आले आणि १८९५ सालीं बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस मिळालें. पुढें महाराष्ट्रांतल्या मासिकांतून आणि पुस्तकांतून त्यांनीं लुगडीं, पगड्या, लग्नें, देवळें यांचा जो चित्रसंसार मांडला, तो पाहात दोन पिढ्या वाढल्या. १९४० सालच्या 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या त्यांच्या आत्मकथनांत ग्रिफिथ्स यांचें स्मरण आदरानें केलेलें आहे, आणि ज्यानें वर्गांत बसून पाहिलें त्याची साक्ष आम्ही दूर बसून टीका करणाऱ्यांनीं हलकी मानूं नये.

स्वतः ग्रिफिथ्स चित्रकार म्हणून कसे होते? मध्यम प्रतीचे, पण डोळा चांगला. डोक्यावर मासा धरलेली मुंबईची कोळीण त्यांनीं रंगविली आहे. तींत पौर्वात्य देखाव्याचा भडकपणा नाहीं, बाजारांत रोज पाहिलेल्या बाईविषयींची साधी आस्था आहे. रविवर्म्याची नाटकी बैठक तींत नाहीं, तशी त्याची लोकांस जिंकणारी भूलही नाहीं. चित्रकार ग्रिफिथ्स यांच्यावर याहून अधिक लिहिण्याजोगें नाहीं. इमारतींचें त्यांचें काम अधिक मोलाचें. बोरीबंदरचें व्हिक्टोरिया टर्मिनस, आतांचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, १८८७-८८ च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या कमानींवरचीं पानें, पक्षी, माकडें आणि खांबांचीं शिरें यांतलें पुष्कळसें कोरीवकाम ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलें. गाडी पकडण्याच्या घाईंत असणाऱ्या लक्षावधि लोकांच्या डोक्यावर तें रोज असतें. त्यांतलें कोणतें पान कोणी कोरलें, हें सांगणारी एक ओळही तेथें नाहीं. अजिंठ्याच्या बाबतींत मात्र निदान कांहीं नकलांशीं त्या त्या विद्यार्थ्याचें नांव जोडलेलें राहिलें आहे, आणि परदेशच्या संग्रहालयाच्या यादींत 'जगन्नाथ अनंत' असें वाचतांना कोणाही मराठी माणसास थांबावेंसें वाटेल.

ग्रिफिथ्स १९१८ सालीं वारले. त्यांचा ग्रंथ पाहण्याची संधि ज्या वाचकास मिळेल त्यानें पहिल्या खंडांतल्या प्रसिद्ध चित्रांकडे धांव न घेतां दुसरा, सजावटीचा खंड आधीं उघडावा. पहिल्या लेण्याच्या छताच्या चौकटी त्यांत आहेत: फुलें, फळें, हत्ती, बैल. पहिल्या खंडांत विद्यार्थ्यांचा हात दडपलेला दिसतो. येथें तो मोकळा आहे. कमळाच्या देंठाची वळणें ज्या सहजतेनें उतरलीं आहेत, ती पाहून हें काम हुकुमाचें होतें हें क्षणभर ध्यानांत राहात नाहीं.